कॉम्प्युटर म्हणजे खिळे जुळवणारा

ही गोष्ट मी आजवर कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितली, ऑफिसातल्या निरोपसमारंभात सांगितली, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. लोक पोट धरून हसतात. तरीही ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. दोन्ही खरं आहे — कारण मी सांगत आलो ती अर्धी, हसण्यापुरती. उरलेली अर्धी माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि माझ्या बायकोपासून काही लपवून ठेवणं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा.

आधी हसण्यापुरती ऐका. आमच्या तरुणपणी आमच्याकडे कॉम्प्युटर हे यंत्र नव्हतं, माणूस होता. सरकारच्या आकडेवारीच्या कचेऱ्यांत त्या नावाचं एक पद असे, सगळ्यांत खालचं, नव्यानं चिकटणाऱ्याचं. समोर हँडल फिरवायचं गणकयंत्र, शेजारी आकड्यांच्या कागदांचे गठ्ठे, आणि दिवसभर बेरजा-गुणाकार करत बसणारा जो प्राणी, तो कॉम्प्युटर. तर अमरावतीला अशाच एका कचेरीत या पदासाठी मुलाखती होत्या. कॉलेजातला एक मुलगा आत गेला. साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटरचं काम काय असतं? मुलगा छाती पुढे काढून म्हणाला, ‘खिळे जुळवाचं, साहेब. मले उलटी अक्षरं बी वाचता येतात.’ त्याला वाटलं होतं, कॉम्प्युटर म्हणजे कंपोझिटर! छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी लावतो तो!

हसलात? हसा, हरकत नाही. मी तर या गोष्टीवर आयुष्यभर लोकांना हसवत आलो आहे.

आता उरलेली. पण थांबा — मी ती का सांगतोय, याचाच मला संशय येतोय. मन हलकं करायचं म्हणून? की ‘बघा, म्हातारा किती प्रामाणिक’ असं कुणीतरी म्हणावं म्हणून? मला माझा भरवसा वाटत नाही. तुम्हीही ठेवू नका.

संशय आमच्या घरातलाच. मोर्शीकडे आमचा संत्र्यांचा बगीचा. झाडावरचा बहार एकदा व्यापाऱ्याला विकला की बाकीच्या घरांतली माणसं निश्चिंत होत. आमच्या बाबांची झोप त्या दिवसापासून उडे. व्यापारी हसून बोलला तर — हा काहून हसला? हसला नाही तर — याच्या पोटात काय आहे? पाहुणा येऊन गेला की तो नेमका कशासाठी आला होता, यावर रात्रीच्या जेवणापर्यंत चर्चा. आईनं उसनी दिलेली साखरेची वाटी शेजारणीनं शिगोशीग भरून परत केली, तर त्या शिगेचाही अर्थ लावला जाई. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आमच्याकडे बावळट समजत. मी घरातला हुशार मुलगा. कॉलेजात पोरं मला ‘शंकासुर’ म्हणायची; मूळ नाव शंकर, त्यामुळे त्यांना फार कष्ट पडले नाहीत.

अमरावतीला मी काकाजींकडे राहायचो. बाबांचे चुलतभाऊ, दुसऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून. इंग्रजी पत्रं त्यांच्या हातून जायची, म्हणून आमच्या साऱ्या नात्यागोत्यात इंग्रजीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या जोरावर माझंही इंग्रजी बरं आहे असा कॉलेजात समज होता. मी तो कधी खोडून काढला नाही.

आणि सुखदेव. इंटर सायन्सला तो माझ्या शेजारी बसायचा. पातूरकडच्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला. धर्मांतराच्या वर्षी त्याचे वडील नागपूरला जाऊन आले होते. सुखदेव त्याविषयी फार बोलत नसे. पण कुणी आडून आडून जात विचारलीच तर ‘बौद्ध’ एवढंच म्हणायचा आणि पुढचा प्रश्न येतो का याची वाट बघत सरळ उभा राहायचा. पुढचा प्रश्न बहुधा यायचा नाही. हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. नवे पैसे चालू होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाजारात भाजीवाल्या बायका त्याला हाका मारून आण्यांचे पैसे करून घ्यायच्या, आणि तो चालता चालता उत्तर देऊन पुढे जायचा.

मला तो आवडायचा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. आम्ही एका डब्यात जेवलो आहोत. काकूला मी ते सांगितलं नव्हतं, हीही कबुली इथंच देऊन टाकतो.

त्याचा मोठा भाऊ अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सुखदेवचं शिक्षण त्या भावाच्या जिवावर चाललं होतं. दिवाळीनंतर भावाचा हात यंत्रात सापडला. हात वाचला, पण बोटं कामातून गेली. सुखदेव घरी जाऊन आला आणि मला एवढंच म्हणाला, ‘आता काई काम भेटलं तरच कॉलेज. नाई तं हे शेवटचंच वर्स समज.’ कॉलेज सांभाळून करता येईल असं काम त्या वेळी अमरावतीत होतं कुठे? शिकवण्या मिळायच्या, पण शिकवणीला घरात शिरावं लागतं, आणि त्याला कुणी घरात घ्यायला तयार नव्हतं. काम मीही शोधत होतो. मला ते हवं होतं हातखर्चाला, काकूच्या टोमण्यांतून सुटायला. त्याला हवं होतं कॉलेजात राहायला. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कळत होता.

एका दुपारी कॉलेजच्या नोटीसबोर्डापुढे सुखदेव उभा दिसला. अगदी काचेला नाक लावून. मी मागून गेलो तसा तो दचकला आणि बाजूला झाला.

‘काय हाय?’ मी विचारलं.

‘काई नाई बे. असंच.’

झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. असंच? असंच कुणी काचेला नाक लावतं? तो वर्गात गेल्यावर मी परत आलो आणि वाचलं. इंग्रजीत टाइप केलेला कागद. एका सरकारी कचेरीत सकाळच्या पाळीला कॉम्प्युटर नेमायचे आहेत, कॉलेजचे विद्यार्थीही चालतील, मुलाखत पुढच्या महिन्यात. जागा किती, ते लिहिलं नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे काय, तेही नव्हतं. पण सकाळची पाळी! दुपारी कॉलेज! आणि हे यानं माझ्यापासून लपवलं?

संध्याकाळी मी काकाजींना विचारलं. ते पान लावत होते. ‘अरे, हिशेब्या,’ ते म्हणाले. ‘मशीनचं हँडल फिरवाचं अन् आलेला आकडा लिवाचा. त्याले डोकं नाई लागत, मनगट लागते.’ मग चुना झटकून म्हणाले, ‘पन तू कायले विचारतं? त्या जागा आपल्यासाठी नाईत बाप्पा आता. त्याइच्या लोकाइचं सरकार ऐकते. एखादा पुढारी चिठ्ठी देते, काम होऊन जाते.’

कुठला पुढारी, कुठली चिठ्ठी — मी विचारलं नाही. मला ते ऐकताक्षणी पटलं. अगदी आरामात पटलं. म्हणून हा दचकला! म्हणजे याचं आधीच ठरलेलं आहे. त्या रात्री मी सुखदेवची सगळी वर्तणूक आठवून आठवून तपासली, आणि शोधायला बसल्यावर काय, सगळंच संशयास्पद निघालं. परवा तो कुणाला तरी भेटायला गेला होता, कुणाला? मागच्या आठवड्यात नवा सदरा घालून आला होता, कशासाठी? खरं तर तो सदरा भावाचा होता. बाह्या त्याला लांब होत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीपाशी तो स्वतःहून आला. म्हणाला, ‘शंकर, ते कॉम्प्युटर म्हंजे काय असते बे? काल तुले विचारनारच होतो, पन लाज वाटली. सायन्सचा पोरगा अन् एवढं ठाऊक नाई म्हनशीन. तुया काकाजीले विचारतं काय?’

एवढं सरळ होतं ते. लाज वाटली म्हणून दचकला होता. पण मला सरळ काही दिसतच नव्हतं. मला वाटलं, हा मला चाचपून पाहतोय. याला सगळं ठाऊक आहे. मला ठाऊक आहे का, तेवढं काढून घ्यायचं आहे. आणि खरंच ठाऊक नसेल तर? तर मग… गाडीवाला कपबश्या विसळत होता. मी त्या कपबश्यांकडे बघत म्हणालो —

‘कंपोझिटर. छापखान्यातला असते ना, खिळे जुळवनारा. सरकारी तक्ते छापाचे असतात, त्यासाठी. काकाजीनंच सांगतलं.’

ही उरलेली अर्धी गोष्ट. तो मुलगा चुकला नव्हता. त्याला मी चुकवलं होतं.

कंपोझिटर हा शब्द कुठून सुचला? मलाही सांगता येत नाही. काकाजींच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता, येता-जाता पाटी दिसायची, बहुधा तिथूनच. दोन शब्दांचा आवाज जवळचा होता. पकडलो गेलोच असतो तर ‘मीच चुकीचं ऐकलं’ म्हणायची पळवाट होती. म्हणजे बघा, खोटं बोलतानाही हातचं राखून बोललो.

सुखदेव कुणी दुसरा असता तर? माझ्यासारख्याच बगीच्याच्या घरातला एखादा? तर ‘याचं आधीच ठरलेलं आहे’ हे मला इतक्या चटकन पटलं असतं का? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की यात जातीचा काही संबंध नाही, माझा स्वभावच संशयी, मी सख्ख्या भावावरही संशय घेतला असता. घेतला असता, खरं आहे. पण त्याला खड्ड्यात ढकललं नसतं. ढकलायला हात उचलला तो काकाजींच्या त्या एका वाक्यानं, आणि ते वाक्य माझ्या आत आधीपासूनच घर करून होतं.

माझा अंदाज होता की छापखान्याचं काम म्हटल्यावर तो नाद सोडून देईल. त्यानं काय केलं माहीत आहे? थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘मंग शिकून घेतो.’

आणि शिकला. त्याच गल्लीच्या तोंडच्या छापखान्यात जाऊन मालकाच्या हातापाया पडला, फुकट राबतो म्हणाला, आणि रोज संध्याकाळी खिळे वेचायला लागला. बोटं काळी, नखांत शाई. वर्गात बसल्या बसल्या पुस्तक उलटं धरून वाचायचा, म्हणजे उलट्या अक्षरांची सवय होते म्हणे. एक दिवस त्यानं माझं नाव जुळवून आणलं, दोऱ्यानं बांधलेलं. माझ्या हातावर ठेवून म्हणाला, ‘वाच.’ मला वाचता येईना. तो खूप हसला. मग म्हणाला, ‘तू बी चाल ना. मालकाले मी विचारलं, तो दोघाइले शिकवतो म्हने. मुलाखतीत दोघाइले कामी येईन.’

मी काय समजलो असेन? मी समजलो की हा नाटक करतोय. याला खरं कळलेलं आहे, आणि आता हा मलाच छापखान्यात अडकवायला निघालाय! मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. नंतर कधी काकूचं काम निघालं, कधी अभ्यास. खोटं बोललो तो एक क्षण होता, पण ते परत घ्यायला मला जवळजवळ महिना मिळाला होता. रोज तो शेजारी बसत होता. रोज त्याच्या नखांतली शाई मला दिसत होती. तोंडातून एक वाक्य काढायचं होतं. ‘अबे, ते तसं नाई, हिशेबाचं काम हाय.’ बस. नाही काढलं. कधी वाटायचं, आज सांगू. लगेच वाटायचं, मग तो विचारेल की आधी काहून खोटं सांगतलं? तर सोड. उद्या बघू.

मुलाखतीचा दिवस. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही शेजारी शेजारी. त्याचा नंबर माझ्या आधी होता. दाराला अर्धा पडदा, त्यामुळे आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. सुखदेवनं नाव, गाव, वर्ग सांगितला. आवाज खणखणीत होता. मग साहेबांचा तो प्रश्न. मग त्याचं ते उत्तर, जे मी तुम्हाला सुरुवातीला ऐकवलं. मग हसणं. आधी एकाचं, मग सगळ्यांचं. साहेब नागपूरकडचे, मोकळ्या गळ्याचे. ते हसता हसता म्हणाले, ‘अरे भाई, तुम्हें यहाँ का पता किसने दिया? छापखाना उधर है. यहाँ तो मशीन पर हिसाब होता है.’ पुन्हा हसणं, आणि त्या हसण्यात पुढची दोन वाक्यं मला ऐकू आली नाहीत.

बाहेर बाकावर मी काय करत होतो? चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. आणि — हे सांगायला जीभ रेटत नाही — एका बाजूनं मला हायसं वाटत होतं. चिठ्ठी नव्हती तर! कुणी पुढारी नव्हता. म्हणजे आता मला संधी आहे.

त्याला त्यांनी पुढे हिशेबाचं काही विचारलंच नाही. एखादा गुणाकार विचारला असता तरी त्यांचे डोळे पांढरे झाले असते. पण हसून झाल्यावर त्यांनी ‘पुढचा पाठवा’ म्हटलं. तो पडदा सारून बाहेर आला. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. मी अर्धा उठलोही होतो. तो माझ्याजवळ आला, वाकला आणि घाईघाईनं कानात म्हणाला, ‘शंकर, खिळ्याचं नोको सांगू. हिशेबाचं काम हाय. मशीनवर हिशेब. तसंच सांग, मंग होते काम.’

तोंडावर आपटल्या आपटल्या तो मला सावध करत होता. मी पडलो तसा तू पडू नकोस म्हणून. जे मी त्याला महिनाभर सांगितलं नाही, ते त्यानं मला दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं.

मी आत गेलो आणि सांगितलं, मशीनवर हिशेब करायचा, साहेब. साहेब म्हणाले, शाब्बास.

मी कॉम्प्युटर झालो. सकाळी कचेरीत हँडल फिरवायचं, दुपारी कॉलेज. कापूस, ज्वारी, तूर, कुठल्या तालुक्यात किती पिकेल याचे आकडे. माझ्या शेजारचं एक यंत्र कापड घालून झाकलेलं होतं. मी हेडक्लार्कना विचारलं, हे कुणाचं? ते म्हणाले, ‘जागा आहे, माणूस भेटला नाही.’ म्हणजे आम्ही दोघंही लागलो असतो. शेजारी शेजारी बसलो असतो, वर्गात बसायचो तसेच. ते यंत्र वर्षभर तसंच झाकलेलं राहिलं, आणि मी रोज त्याच्या शेजारी बसून पगार घेतला.

सुखदेवनं परीक्षा दिली नाही. उन्हाळ्याच्या आधीच तो अकोल्याला गेला. जाताना भेटायला आला होता. काकूनं दारातूनच ‘शंकर नाही घरी’ म्हणून सांगितलं. मी घरीच होतो. आतल्या खोलीत. त्याचा आवाज आला, ‘बरं, काकू, येतो म्हनून सांगजा.’ अकोल्याला त्याला काम कुठलं मिळावं? छापखान्यात. एक तेवढंच त्याला नव्यानं शिकवलं गेलं होतं.

कचेरीत मात्र तो फार दिवस राहिला. साहेबांना तो किस्सा इतका आवडला होता की बाहेरगावचा कुणी अधिकारी आला की चहाबरोबर तो निघायचाच. ‘मले उलटी अक्षरं बी वाचता येतात’ — साहेब त्याची नक्कल करायचे. सगळे हसायचे, मीही हसायचो. सुरुवातीला घाबरून हसायचो. मला सतत वाटे, त्यानं आत जाऊन माझं नाव घेतलं असेल, साहेबांना ठाऊक असेल, ते हसता हसता माझ्याकडे जरा जास्तच बघतात. एकदा मी धीर करून शिपायाला विचारलं, तो त्या दिवशी आत चहा घेऊन गेला होता. तो म्हणाला, ‘साहेबानं विचारलं ना त्याले, तुले हे कोनं सांगतलं म्हनून. तो म्हने, कोनं नाई साहेब, मीच चुकीचं समजलो.’

तेव्हा मला हलकं वाटलं. आणि मग मी जास्त मोठ्यानं हसायला लागलो. साहेब बदलून गेल्यावर तो किस्सा सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी तो साहेबांपेक्षा चांगला सांगायचो, कारण बोलीच माझी होती.

काही वर्षांनी मी त्याच खात्यात कायम झालो आणि माझं लग्न ठरलं. मुलगी अकोल्याची. सासऱ्यांनी पत्रिका त्यांच्या ओळखीच्या छापखान्यात टाकल्या आणि मला निरोप धाडला की, एकदा येऊन मजकूर बघून जा. मी गेलो. आत खिळ्यांच्या खणांपुढे स्टुलावर बसलेला माणूस वळला, तो सुखदेव! अंगानं भरला होता, चष्मा लागला होता. ‘अबे शंकर!’ म्हणून उठला आणि शाईचे हात फडक्याला पुसत पुसत हसला. ‘पत्रिकेतलं नाव पाहून मले वाटलंच होतं, आपला शंकासुरच असन. तुयी पत्रिका मीच जुळवली. दुसऱ्या कोनाले हात लावू नाई देला.’

माझी पत्रिका यानं जुळवली? का? एवढ्या अगत्यानं? मी कच्ची छापील प्रत घेऊन खिडकीपाशी गेलो आणि वाचू लागलो. नुसती वाचली नाही, डोळ्यांत तेल घालून अक्षर न् अक्षर तपासली. कुठे तरी यानं डाव साधला असणार. नावात एखादा काना उडवला असेल, वधूच्या जागी भलतंच काही, चारचौघांत माझं हसं होईल असं काहीतरी. मी त्याच्या जागी असतो तर केलं असतं. दोनदा वाचली. उलटीकडून वाचली. एकही चूक नव्हती. चहूबाजूंनी वेलबुट्टी होती, ती सासऱ्यांनी सांगितली नव्हती. ती त्यानं आपल्या मनानं घातली होती.

मग त्यानं मला बाहेर चहाला नेलं. इकडचं तिकडचं बोललो. त्याच्या भावाचं बरं चाललं होतं, लहान बहीण शिकत होती, मास्तरीण व्हायचं म्हणत होती. मी लवकर निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यानं कप खाली ठेवला.

‘शंकर, एक विचारू? राग नोको मानू.’

मला कळलं, काय ते.

‘तुले तवा ठाऊक होतं काय बे — कॉम्प्युटर म्हंजे काय असते ते?’

तो माझ्याकडे बघत होता. कुणी जात विचारल्यावर बघायचा तसं नव्हे. जरा खाली मान घालून, चोरट्यासारखा. जणू गुन्हा त्याचाच होता. समोर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. एवढी वर्षं मी ज्या प्रश्नाला भीत होतो तो अखेर आला होता, आणि तो विचारणाऱ्याला उत्तर ‘नाही’ हवं होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. हो म्हणायला मला एक अक्षर पुरलं असतं.

‘नाई रे,’ मी म्हणालो. ‘काकाजीनं जे सांगतलं ते मी तुले सांगतलं. मी बी तं तसाच आत जानार होतो. तू दारात सांगतलं म्हनून वाचलो.’

काकाजी तोवर वारले होते.

सुखदेवनं केवढा तरी श्वास सोडला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, ‘मले वाटलंच होतं. पन गड्या, खरं सांगतो, मी लय वर्सं तुयावर संशय घेतला. रात्री झोपलो का मनात याचं, शंकरले ठाऊक असन, शंकरनं मुद्दाम केलं असन. तुया घरचा डबा खाल्ला मी, अन् तुयाबद्दल असा विचार केला. मायी मले लाज वाटते. माफ कर मले.’ आणि तो खरोखर रडायला लागला. चहाच्या दुकानात, माणसांच्या देखत, दोन्ही शाईचे हात तोंडावर घेऊन.

तेव्हाही वेळ होती. मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोपटला. मोठ्या मनाच्या माणसासारखा आवाज काढून म्हणालो, ‘जाऊ दे, सुखदेव. होते असं. मी काई मनात नाई ठेवलं.’

तो लग्नाला आला. माझ्या बायकोला म्हणाला, ‘वहिनी, याच्यासारखा मित्र नाई भेटाचा.’ त्यानंतरही मी तो किस्सा सांगत राहिलो, लोक हसत राहिले. सुखदेव आता नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी शेवटपर्यंत काही किंतु उरला नव्हता, हे मला नक्की ठाऊक आहे, आणि आयुष्यात संशय न घेता मी मानलेली तेवढी एकच गोष्ट आहे. त्यानं माझी माफी मागितली होती, आणि मी त्याला माफ केलं होतं.